बारा नंबरच्या जागेची नवी मालकीण

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे, पण जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. आयोवातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल मैदानात, मधल्या रेषेच्या अगदी समोर माझं ठाणं आहे. आजूबाजूच्या बाकांवर केव्हाच पत्रे आले, आमच्या ओळीला मात्र हात लावायची कोणाची छाती झाली नाही. नोव्हेंबरच्या थंडीत एकदा पत्र्यावर बसून पाहा, म्हणजे माझी किंमत कळेल!

लाकूड कापायच्या गिरणीत मला तासलं, रंगवलं आणि माझ्या अंगावर अकरा आणि बारा असे दोन आकडे घातले. तेव्हापासून सामन्याचा शनिवार म्हणजे माझा सण. माझ्यावर कॉफी सांडली, मोहरीच्या चटणीचे डाग पडले. संघ जिंकला की लोक माझ्यावर चढून नाचायचे, हरला की मलाच बुक्के मारायचे. मी कधी हूं की चूं केलं नाही.

अकरावर व्हर्नाबाई बसायच्या आणि बारावर त्यांचे यजमान ऑरव्हिल. ते तरुणपणी याच मैदानावर खेळले, गुडघाही इथेच मोडला, आणि पुढे जन्मभर लंगडत माझ्यापर्यंत चढून येत राहिले. ते वारले तरी व्हर्नाबाईंनी त्यांचं तिकीट सोडलं नाही. दरवर्षी दोन्ही जागांचे पैसे भरायच्या आणि बारावर कोणाला टेकू द्यायच्या नाहीत. मागच्या ओळीतला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा ड्वेन लवकर येऊन त्या जागेवर आपला कोट पसरून ठेवायचा. आमच्याकडचा तो रिवाजच झाला होता. मला मात्र अर्धं अंग रिकामं वाटायचं. फळीचा जन्म काय कोट सांभाळायला असतो?

मग कॉलेजने जाहीर केलं की खेळाडूंना यापुढे मोबदला मिळेल, आणि त्यासाठी तिकिटं महागतील. बाप रे, काय तो गदारोळ! मोसमाच्या शेवटच्या सामन्याला ड्वेनचं तोंड थांबेना.

"पोरं शिकायला आलीत की कमवायला? फी माफ, जेवण फुकट, वर पगार! आणि भुर्दंड आमच्या माथी!"

व्हर्नाबाई गर्रकन वळल्या. "ड्वेन, माझ्या नवऱ्याचा गुडघा मोडला त्या दिवशी इथे मुंगीला शिरायला जागा नव्हती. ते तिकिटांचे पैसे कोणाच्या खिशात गेले रे?"

"काकू, तो काळ वेगळा होता."

"दुखणं तेच होतं. कॉलेजने त्याला एक लोकरीची घोंगडी दिली, वर कॉलेजच्या नावाचं पहिलं अक्षर विणलेलं. डॉक्टरला फी म्हणून घोंगडी चालत नाही, बाबा!"

मी मनात म्हटलं, शाब्बास बाई!

पुढच्या मोसमाचा पहिला शनिवार उजाडला. कुरकुरत का होईना, ड्वेनने तिकीट काढलं होतं आणि नेहमीसारखा कोटही पसरला होता. इतक्यात पिवळी टोपी घातलेली एक ठसठशीत आजी वर आली. तिने माझा आकडा वाचला आणि कोट उचलला.

"ओ बाई, ती जागा घेतलेली आहे!" ड्वेन ओरडला.

"हो, मीच घेतलीय."

"ती ऑरव्हिलकाकांची आहे."

"मग येऊ द्या त्यांना. मी बोलते त्यांच्याशी."

"ते... वारलेत."

आजीने तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "वारलेल्याला जागा आणि जित्या बाईला उभं ठेवायचं? छान रीत आहे तुमची!"

सगळी ओळ तिच्यावर तुटून पडली. तेवढ्यात व्हर्नाबाई धापा टाकत आल्या.

"ड्वेन, घे तो कोट. जागा मीच सोडली. दोन्हींचे पैसे झेपेनात." त्यांनी माझ्या बारा आकड्यावर हात टेकला. "पोरांना पैसे द्या म्हणून मीच तोंड वाजवलं होतं ना? मग झळ मला लागली म्हणून रडू कशाला?"

बोलल्या खऱ्या, पण बारा आकड्यावर टेकलेला हात त्यांना उचलवेना. मला फार वाईट वाटत होतं.

आजीचा सूर एकदम खाली आला. "बाई, मी ओडेसा प्रुइट, सेंट लुइसची. तो एकसष्ट नंबरचा दांडगा दिसतो ना, तो टायरिक, माझा नातू. मीच वाढवला. पण शनिवारी लाँड्रीत माझी कामाची पाळी, त्यामुळे त्याचा एकही सामना मी पाहिला नाही. आता त्याला पैसे मिळतात, तर म्हणाला, आजी, शनिवारी कामाला जायचं नाही, तुझ्यासाठी मधली जागा घेतलीय."

व्हर्नाबाईंनी मैदानातल्या त्या एकसष्ट नंबरकडे पाहिलं. मग त्यांनी हात काढला आणि माझ्यावरची धूळ आपल्या रुमालाने पुसली. "बसा," त्या म्हणाल्या, "तुमचीच जागा आहे."

पण ओडेसाबाई बसतील तर शपथ! चेंडू उडाला आणि त्या उभ्याच.

"आजी, बसा की! दिसत नाही आम्हाला," ड्वेन कळवळला.

"ज्याला बसायचंय त्याने घरी बसावं. माझं पोर खेळतंय!"

मित्रांनो, तिकीट महागलं की कपाळाला आठ्या पडतात, ते मी समजू शकते. पण समोर धावणारं पोर कोणाचं तरी असतं, त्याच्या घामाची कदर करा. आणि जमलं तर आम्हा लाकडांनाही वर्षातून एकदा तेल पाजा.

त्या दिवशी व्हर्नाबाईंनी ओडेसाबाईंच्या दंडाला धरलं आणि त्याही उभ्या राहिल्या. मग ड्वेन उठला, पाठोपाठ सगळी ओळ उठली. सबंध सामनाभर माझ्यावर कोणी क्षणभरही टेकलं नाही. इतक्या वर्षांत मला माझा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.