दही थंडच होतं

ट्रकमध्ये एक हजार दोनशे क्रेट होते. एका क्रेटमध्ये बारा, म्हणजे दह्याचे चौदा हजार चारशे कप. त्यांतल्या सतरा कपांची झाकणं फुगलेली होती. छत्तीस कप रिकामे होते, धुऊन, एकात एक घालून कोपऱ्यात ठेवलेले. याखेरीज चार पसरलेले पुठ्ठे, पाण्याचा एक रिकामा कॅन आणि डाव्या पायाची एक चप्पल.

मैथिलीनं सगळं दोनदा मोजलं. चप्पल नोंदवायची कुठल्या रकान्यात हे तिला कळेना, म्हणून तिनं ती 'इतर' खाली लिहिली.

शारजाच्या औद्योगिक भागातल्या त्या डेअरीत तिला नोकरी लागून वर्ष झालं होतं. बालपण दुबईच्या अल कुसैसमध्ये, मायक्रोबायोलॉजीची पदवी पुण्यात, आणि मग पुन्हा आईबाबांजवळ. माल परत आला की त्याची तपासणी करायची आणि तो का परत आला ते लिहून सही करायची, हे तिचं काम. हा ट्रक सौदीत, दम्मामला जायचा होता. तो नऊ दिवस सीमेवर उभा राहिला आणि सीमा न ओलांडताच परत आला.

२००९ च्या मे महिन्यात अमिरातीनं शेजाऱ्यांच्या सामाईक चलनातून अंग काढून घेतलं होतं. आखातातल्या सहा देशांचं एकच नाणं व्हायचं होतं. ओमान आधीच बाहेर पडला होता. आता मध्यवर्ती बँक रियाधला बसणार असं ठरलं आणि अमिरातीनंही नमस्कार केला. जूनमध्ये सौदीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली ती मैलोन्‌मैल. कागदोपत्री कारण होतं बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत. चलनाचा याच्याशी काही संबंध आहे असं कुठलाच अधिकारी म्हणाला नव्हता. रांगेतले ड्रायव्हर मात्र दुसरं काही बोलतच नव्हते.

ट्रकचा ड्रायव्हर शेरजमान हा पाकिस्तानातल्या स्वातचा पठाण, पन्नाशीचा. प्रयोगशाळेच्या दारात तो उभा होता. ओठ फुटलेले, डोळे लाल.

"दरवाजा तुमने खोला?" मैथिलीनं विचारलं.

"हमने खोला. पाँच बार."

"क्यों?"

"चौथे दिन डिझेल कम हुआ, मॅडम. एक इंजिन गाडी का है, एक ठंडी मशीन का. दोनों का तेल पूरा नहीं पडता. तो हमने गाडी का तेल निकालके मशीन में डाला. दही ठंडा रहा, केबिन का एसी खलास." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "बाजूवाला बुढा मलबारी बेहोश हो गया. उसको अंदर पुठ्ठे पे सुलाया. फिर दो और आया. बारी बारी. दस मिनट से जास्ती नहीं."

"और छत्तीस कप?"

"खाया. डिब्बा वापस लाया, गिन लो. हमारे पगार से काट लो."

मैथिलीनं ट्रकच्या थंड डब्यातल्या तापमानाचा आलेख छापला. पाच ठिकाणी रेषा वर गेली होती, सगळ्यांत उंच टोक आठ अंशांवर, आणि अर्ध्या तासात पुन्हा खाली. दह्याची आम्लता ठीक होती, जिवाणू ठीक होते. तिनं स्वतः एक कप उघडून खाल्ला. उत्तम दही होतं. फक्त कपांवरच्या तारखेला आता पाचच दिवस उरले होते आणि दम्मामचा दुकानदार इतक्या जुन्या मालाला हात लावणार नव्हता.

संध्याकाळी शैलेंद्र सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते ऑपरेशन्स मॅनेजर. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते तिचे शैलेंद्रकाका असायचे, तिच्या बाबांच्या ताटात आग्रहानं पुरणपोळी वाढणारे. कंपनीच्या दारातून आत आलं की सर. ही अदलाबदल तिच्या जिभेला इतकी सवयीची होती की चूक कधीच झाली नव्हती.

"बस. कारणाच्या रकान्यात काय लिहितेयस?"

"सीमेवरचा उशीर."

"त्याला विमा नाही, मैथिली. ड्रायव्हरच्या हलगर्जीपणाला आहे. अठ्ठावीस हजार दिरहॅमचा माल आहे, पावणेचार लाख रुपये. दार पाच वेळा उघडलं हे तुझाच आलेख सांगतो ना? मग झालं. तेवढंच लिही."

"सर, दार उघडल्यानं दही खराब झालेलं नाही. सतरा झाकणं सोडली तर…"

"सतरा झाली ना? एनफ."

"एवढी झाकणं नेहमीच्या ट्रिपमध्येही फुगतात. मागचे आकडे काढून दाखवू?"

शैलेंद्र हसले. "तू कॉलेजातून अजून बाहेर आलेलीच नाहीस, हबीबी." त्यांनी ड्रॉवरमधून कंपनीनं ठेवून घेतलेला शेरजमानचा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. त्याला व्हिसा रद्द करण्याचा अर्ज टाचलेला होता. "हे तयार आहे. फक्त तुझा रिपोर्ट जोडायचाय. वर चोरीही आहे, छत्तीस कपांची."

मैथिली त्या पासपोर्टकडे बघत राहिली. एप्रिलमधली मीटिंग तिला आठवली. 'एक चलन होतंय, दिरहॅम-रियालची कटकट संपली, आपण दम्मामला चौपट माल पाठवू' असं म्हणून यांनीच टाळ्या घेतल्या होत्या. मेमध्ये करार मोडला तरी त्यांनी ऑर्डर कमी केली नाही. रांगेची बातमी पेपरात आल्यावर तिनंच विचारलं होतं, की ट्रक थांबवायचा का? 'इन्शाल्ला दोन दिवसांत सुटेल' हे उत्तर यांचंच.

घरी जेवताना तिनं सगळं सांगितलं. बाबांनी, म्हणजे सदानंदांनी, घास हातातच ठेवला.

"सही करून टाक," ते म्हणाले. "आमच्या ऑफिसात चाळीसपैकी बावीस उरलेत. माझा पगार अर्धा झालाय. शैलेंद्रनं शब्द टाकला म्हणून तू आज नोकरीत आहेस."

"बाबा, दॅट्स नॉट द पॉइंट."

"मग काय आहे पॉइंट? पठाण काय, दुसरीकडे लागेल."

"नाही लागणार. हलगर्जीपणा आणि चोरी लिहून परत पाठवलेल्या माणसाला कोण गाडी देतं इथे? बँक कुठे असावी यावरून दोन सरकारं भांडली. अंदाज चुकला शैलेंद्रकाकांचा. आणि घरी जायचं कुणी? ज्यानं स्वतःच्या एसीचं तेल दह्याला पाजलं त्यानं?"

आई, मंजुषा, पातेलं घेऊन आली. तिनं मैथिलीच्या ताटात आमटी वाढली. "उद्या डबा जरा जास्त देते," ती म्हणाली. "त्याच्यासाठीही ने."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मैथिलीनं तो ट्रक यार्डात भर उन्हात उभा करवला. इंजिन बंद, दोन्ही काचा खाली, रांगेत होता तसा. एक तापमापक तिनं ड्रायव्हरच्या सीटवर डोक्याच्या उंचीला टांगला आणि शेजारी जाऊन बसली. दहा मिनिटांत घाम यायचा थांबतोय असं तिला वाटलं, ही उष्माघाताची खूण, म्हणून ती उतरली आणि ट्रकच्या सावलीत उभी राहिली.

शैलेंद्र गेटमधून तरातरा आले. "हा काय तमाशा आहे? दुपारी उन्हात काम करायला बंदी आहे. इन्स्पेक्टर आला तर दंड मला बसेल."

"म्हणूनच कुणा कामगाराला बोलावलं नाही. कारण लिहायचंय ना, ते मोजतेय."

"मैथिली, तुझी सही नसेल तर अर्ज पुढे जाणार नाही. मग हेड ऑफिस मला विचारेल ट्रक का पाठवला. कळतंय तुला?"

"कळतंय, काका. पाच मिनिटं वर बसून बघता?"

ऑफिसच्या आवारात ती त्यांना पहिल्यांदाच काका म्हणाली होती. शैलेंद्रांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, वर चढायला स्टीअरिंग धरलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तळहात पँटला पुसत ते खाली उतरले. मग गेटकडे चालू लागले.

मैथिली वर प्रयोगशाळेत आली. शेरजमान आजही दारापाशीच बसला होता, आईनं दिलेला डबा मांडीवर घेऊन. तिनं रिपोर्ट उघडला. 'ड्रायव्हरचा हलगर्जीपणा' पुढे 'नाही' लिहिलं, 'चोरी' पुढेही 'नाही' लिहिलं. 'माल परत येण्याचं कारण' पुढे लिहिलं : सीमेवर नऊ दिवस, रांगेची माहिती असताना ट्रक पाठवण्याचा निर्णय. खाली सही केली आणि प्रत एकदम हेड ऑफिस आणि विमा कंपनी, दोघांनाही पाठवली. शेवटच्या रकान्यात मोजमापं होती.

ट्रकच्या डब्यातलं तापमान, नऊ दिवसांची सरासरी : ४.६ अंश सेल्सिअस.
केबिनमधलं तापमान, दुपारी अडीच वाजता : ५३.४ अंश सेल्सिअस.