परत यायचं विसरलेली स्प्रिंग

मित्रांनो, मी दाराची जुनी स्प्रिंग आहे. सध्या मुक्काम दारामागच्या खिळ्यावर. माझ्या जागी आता दुसरी काम करते आणि मी नुसती बघते.

जन्मतः मी कडक नव्हते. जाडसर तार होते, वाकवाल तशी वाकणारी. कारखान्यात मला न तापवता, थंडच, एका भोकातून ओढलं. मग त्याहून बारीक भोकातून, मग आणखी बारीक. पोलादाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कण असतात. माझे गोलमटोल कण त्या ओढाताणीत लांबट झाले आणि त्यांच्या आत असा गुंता झाला, की कुणी कुणाला सरकू देईना. सरकणं बंद, म्हणून वाकणं बंद. हवं तसं वळायचा गुण खर्ची पडला; जमेला ताकद आली. वेटोळी घालून मला दारावर लावलं. ताणा आणि सोडा, मी पुन्हा होते तिथे.

घर एका शिंप्याचं. त्यांच्या मुलासारखंच मीही त्यांना बाबा आणि त्यांच्या बायकोला आई म्हणते. मागच्या खोलीत, दाराकडे पाठ करून बाबा मशीन चालवत. दार उघडून सुटलं की मी ते धाडकन आपटायची. लगेच आतून हाक येई, "कुठे निघालीस गं?"

"कुठे जातेय! तुमची पाठ बघून कंटाळले, जरा आकाश बघते," असं म्हणत आई उंबऱ्यातून परत फिरे.

गोष्ट अशी होती, की अलीकडे आई बाहेर पडली की तिला आपलं घर सापडत नसे. बाबांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. माणसं दुखणं असं जपतात, जणू त्यावर व्याज मिळणार आहे.

परगावी राहणारा मुलगा सुट्टीला आला. "बाबा, हे दार आहे की तोफ? आई दचकते ना!"

"असू दे रे. सवय आहे आम्हाला," बाबा म्हणाले. खरं कारण तेव्हाही पोटातच राहिलं.

निघायच्या दिवशी मुलाने मला काढलं, सांडशीत धरून गॅसवर लालबुंद केलं आणि हळूहळू निवू दिलं. काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा मला ऊब मिळाली! आतला गुंता सुटला. लांबट कण गेले, त्यांच्या जागी नवे, गोलसर, निवांत कण आले. किती हलकं वाटलं! त्याने मला पुन्हा लावलं, दार उघडलं. मी ताणले गेले आणि तशीच राहिले. परत यायचं मी विसरले होते.

बाबांना आपोआप कळेल, गंमत वाटेल, म्हणून माझ्याबद्दल काही न सांगताच, निरोप घेऊन तो बस पकडायला गेला. तो बाहेर पडताना धाड झालं नाही. म्हणजे मुलगा अजून आईजवळ आहे, असं धरून बाबा निवांत शिवत राहिले.

थोड्या वेळाने आई आली. अनवाणी. तिने दार ढकललं. मी सगळा जीव एकवटला, पण अंगात ओढ उरली नव्हती. दार उघडंच राहिलं. आई रस्त्याला लागली आणि आत मशीन चालूच होतं.

दिवेलागणीला दूधवाली तिला हाताला धरून घेऊन आली. तोवर बाबा सगळी गल्ली धुंडाळून उंबऱ्यावर बसले होते.

"काका, बसथांब्यावर बसल्या होत्या काकू. म्हणतात, मुलाला पोचवायला आलेय."

बाबा उठून पुढे झाले. "कुठे निघाली होतीस गं?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी बाबांनी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. पुढच्याच बसने तो आला, नवी स्प्रिंग घेऊन. आईजवळ बसून राहिला, दार आपटलं तरी हूं की चूं केलं नाही.

मित्रांनो, कुणाचा कडकपणा काढायला निघालात, तर आधी विचारा, त्याच्या भरवशावर कोण आहे. आणि घरातलं दुखणं घरच्यांना तरी सांगा.

खाली धाड होतं. "कुठे निघालीस गं?" बाबा विचारतात. माझी वेटोळी नुसती हलतात, आणि आई परत फिरते.