वायरमनची टोपली

टोपली उचलताच टोपलीबाईच्या बोटांना ओल लागली. दुपारीच पुरी झालेली टोपली होती ती, वायरमनची. ओल खळीची असती तर तिला काही वाटलं नसतं, पण ही थुंकीची होती. उजवा हात लुळा पडल्यापासून तो कागदाच्या नळीचं टोक दातांत धरून जोडायचा. प्रत्येक जोडाशी कागद चावून चोथा झाला होता आणि त्याला शिळ्या तोंडाचा वास येत होता.

तिने बोटं फडक्याला पुसली आणि कात्री शोधली.

"राहू दे की तशीच," कोठीच्या दारात केर काढणारी मावशी म्हणाली. "म्हातारा सारखा दाखवत फिरत होता."

"तशीच? वास घेऊन बघ एकदा."

"मी दिवसभर तेच घेते, बाई. पगार त्याचाच आहे."

दुसऱ्या दिवशी केंद्राचं प्रदर्शन होतं. अर्धांगाचा झटका आलेली, पडून हाड मोडलेली, बोटांतलं बळ गेलेली माणसं सकाळी या केंद्रात सोडली जात आणि संध्याकाळी नेली जात. हात चालते राहावेत म्हणून त्यांना टोपल्या विणायला बसवत. विणायच्या सुईवर वर्तमानपत्र तिरकं गुंडाळायचं, खळीने शेवट चिकटवायचा, सुई काढून घ्यायची, की झाली नळी. एका नळीचं निमुळतं टोक दुसरीच्या तोंडात सरकवायचं आणि उभ्या काड्यांमधून आत-बाहेर विणत जायचं. शिकवायचं काम टोपलीबाईचं. तिच्याकडे आणखीही एक काम होतं, पण ते कुणी तिला असं सांगितलेलं नव्हतं.

"जरा हात फिरवा," एवढंच केंद्र चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, पहिल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. तेव्हा तिने फक्त बाहेर आलेली टोकं कापली. पुढच्या वर्षी काठ नव्याने वळले. आता ती टोपली बुडापर्यंत उसवून पुन्हा विणायची आणि ज्याची त्याची नावाची चिठ्ठी पुन्हा अडकवायची. व्हरांड्यात टांगलेले कागदी घड्यांचे गोळेही तिचेच होते. माणसांनी घातलेल्या अर्ध्यामुर्ध्या घड्या तिने केराच्या डब्यात टाकल्या होत्या.

वायरमनची टोपली डावीकडे कलली होती, एका अंगाला घट्ट आणि दुसऱ्या अंगाला सैल. पण त्याहून विचित्र होते ते जोड. त्याने नळीत नळी सरकवलीच नव्हती. दोन्ही टोकं चेपून, एक दातांत आणि एक डाव्या हातात धरून, त्याने त्यांना पीळ दिला होता. वायर जोडतात तसा. सगळ्या टोपलीवर त्या पिळांच्या गाठी उठल्या होत्या.

"असं नाही हो," ती त्याला पुष्कळदा म्हणाली होती. "नुसतं आत सरकवा."

"तुमचा जोड म्हणजे प्लग आहे, बाई. कुणीही यावं आणि काढून न्यावं." त्याची जीभ अजून थोडी जड होती. "माझा जोड भिंतीतला. भिंत पडेल, तो सुटणार नाही."

"आणि दातांचं काय? दात सोडून पकड घ्या ना एखादी."

"पकड धरायला दुसरा हात लागतो. तो सुट्टीवर आहे."

असंच बोलता बोलता एकदा त्याने सांगितलं होतं, की तो मुलीकडे राहतो, जावयाच्या हॉलमध्ये. सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की मग त्याचा बिछाना पडतो. त्याची स्वतःची खोली आहे, दोन गल्ल्या सोडून, कुलूपबंद. "किल्ली पोरीकडे. म्हणते, दोन हात चालायला लागले की देईन. गॅस कसा पेटवाल, शर्ट कसा घालाल. तिचं चूक नाही. पण माझ्या खोलीत मी केव्हाही दिवा मालवू शकतो, बाई."

हे तिला आठवत होतं. आठवत असूनच तिने पहिली गाठ कापली. सरळ टोपली पुढच्या टेबलावर लागेल, मुलीला आवडेल, त्यात त्याचंच भलं आहे, असं तिने मनाशी म्हटलं. स्वतःला पटवायला आपल्याला किती कमी शब्द लागतात, याची तिला त्याच क्षणी किळस आली. तरी हात थांबले नाहीत. ते सवयीने चालत होते, आणि चांगले चालत होते. चावलेल्या ओल्या गाठी तिने चिमटीत धरून एकेक केरात टाकल्या.

सकाळी केंद्राच्या दिवाणखान्यात सुगंधी फवारा मारला होता. त्याखाली आंबलेल्या खळीचा वास तसाच होता. दोन्ही मिळून गोड झालेल्या औषधासारखं काहीतरी नाकात बसत होतं. पाहुणे आले, चहाचे कप हातात घेऊन टेबलांमधून फिरले. एका बाईंनी एका आजींचा गाल लहान मुलाचा धरतात तसा धरला आणि "किती गोड!" म्हणाल्या. आजी एके काळी बँकेत कॅशियर होत्या. त्यांनी मान मागे घेतली, पण गाल सुटला नाही. एका गृहस्थांनी टोपली उलटीपालटी करून विचारलं, "हे खरंच यांनी केलंय?"

"अगदी स्वतःच्या हातांनी," मॅडम म्हणाल्या. मग त्या टोपलीबाईकडे बघून हसल्या. ते हसू टोपलीबाईला कपड्याला चिकटलेल्या खळीसारखं वाटलं.

वायरमन दाढी करून आला होता आणि टेबलाशी खुर्चीत बसला होता. त्याच्याबरोबर मुलगी होती, ऑफिसला उशीर होत असलेल्या माणसासारखी पर्स काखेत दाबून धरलेली. चिठ्ठी वाचून तिनेच टोपली उचलली.

"बाबा, ही तुमची?"

त्याने टोपली घेतली. डावा अंगठा काठावरून, मग पोटावरून फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. त्याला हवं ते सापडलं नाही, हे टोपलीबाईला दिसलं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मीटर बंद दिसल्यावर कारागीर घरमालकाकडे बघतो, तसं.

"अहो बाबा, हे दोन हातांशिवाय होतच नाही," मुलगी म्हणत होती. तिचा आवाज बदलला होता. "मला का नाही सांगितलंत? मी आपली रोज तुमची बटणं लावत बसले."

त्याचा अंगठा अजून टोपलीवरच होता.

मुलीने पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून एक किल्ली काढली. "बरोबरच ठेवलेली असते मी. देतेस का परत, देतेस का परत, असं तुम्ही विचारायचात ना. घ्या." तिने ती टोपलीत टाकली. कागदावर किल्लीचा आवाजही फारसा झाला नाही. "रविवारी झाडून घेऊ खोली. सिलेंडर मागवू."

टोपलीबाई एक पाऊल पुढे आली आणि थांबली. तोंड उघडलं तर मॅडम, पाहुणे, नोकरी. नाही उघडलं तर हा माणूस एका हाताने गॅसशी झटत एकटा राहणार, आणि त्याला तेच हवं होतं. तो तिच्याकडे बघत होता. गप्प राहा, असं त्या नजरेत होतं का? ती काही क्षण तसंच समजली, आणि तसं समजून तिला सुटल्यासारखं वाटलं. हे सुटल्यासारखं वाटणंच सगळ्यांत घाण होतं.

वायरमनने टोपली मांडीवर ठेवली, आतली किल्ली काढली आणि मुलीच्या हातावर ठेवली.

"ही टोपली माझी नाही."

"असं काय करता? चिठ्ठी आहे ना तुमची."

"चिठ्ठी माझी आहे. माझी टोपली वाकडी होती. जोड होते तिला."

मुलीने गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. मॅडम तेवढ्यात आल्याच. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून, पण त्याला ऐकू जाईल इतकाच खाली आणून, म्हणाल्या, "विसरतात हो. या दुखण्यात होतं असं. कालचं आज आठवत नाही. मनावर घेऊ नका."

मुलीने बापाकडे पाहिलं. त्या पाहण्यात हाताच्या जोडीला आता डोक्याचीही शंका होती. वायरमन काही बोलायला गेला, पण जड जिभेवर घाईत शब्द अडखळला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, आणि ती येताच मॅडमनी समजुतीने मान हलवली.

"ते विसरत नाहीत," टोपलीबाई म्हणाली.

मॅडम तिच्याकडे वळल्या. "तुम्ही जरा तिकडचं टेबल—"

"काल संध्याकाळी त्यांची टोपली मी उसवली. ही मी विणली आहे. त्यांची एका हाताने आणि दातांनी केलेली होती. सगळ्याच मी विणते."

चहाचे कप थांबले. कॅशियर आजी हसल्या, मोठ्याने नाही, नुसत्या नाकातून.

"गमतीने म्हणताहेत," मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या, आणि फक्त टोपलीबाईला ऐकू जाईल असं, "उद्या ऑफिसात या." गाल धरणाऱ्या बाईंनी तोवर मांडीवरची टोपली उचलली होती. "पण सुंदर आहे हो. कुणी का विणेना. मी घेते ही." त्यांनी नावाची चिठ्ठी काढली आणि टेबलावर टाकली.

मुलगी किल्ली मुठीत धरून उभी होती. "दातांनी?" तिने विचारलं.

"हो," वायरमन म्हणाला. "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. चांगली झाली होती."

तिने किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात परत ठेवली, चेन लावली, आणि पर्स काखेत घेतली. "चला बाबा. मला उशीर होतोय. आज घरीच सोडते तुम्हाला."

टोपलीबाई दारापर्यंत त्यांच्या मागे गेली. पायरीजवळ त्याच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली. मुलीने पर्स खाली ठेवली आणि गुडघ्यावर बसून ती बांधायला घेतली. आत-बाहेर करणारे पाहुणे त्यांना वळसा घालून जात होते. वायरमनने पाय थोडा पुढे केला आणि तिचं होईपर्यंत ताठ उभा राहिला, समोर बघत.