बत्तिशीचा नेम

खोटे दात घडवणाऱ्या बाईने खेळात टोपणनाव घ्यायचं, तर ते ‘बत्तिशी’च असणार. नाव धाकट्या भावाने ठेवलं होतं आणि ती ते वीस वर्षं मिरवत होती. रविवारी सकाळी दोघं आपापल्या घरी संगणकासमोर बसत, कानांना हेडफोन लावत आणि पडद्यावर पळणाऱ्या अनोळखी माणसांना गोळ्या घालत. बत्तिशी आता त्रेचाळीस वर्षांची होती, पण तिच्या नेमापुढे निम्म्या वयाची पोरं पाणी भरत.

भरत असत, असं म्हणायला हवं. गेले पाच महिने तिचा नेम चुकत होता. माणूस भिंतीआडून निघायचा, ती बटण दाबायची, आणि गोळी जायची तो मघाशी जिथे होता तिथे. धाकटा त्यावर काही बोलायचा नाही. तिच्या वाटणीची माणसंही तोच मारून मोकळा व्हायचा.

खेळातला नेम चुकला म्हणून कुणी जिवाला घोर लावून घेत नाही. पण या दोघांचे वडील घड्याळं दुरुस्त करत, आणि त्रेचाळिसाव्या वर्षीच त्यांच्या चिमट्यातून पहिला स्क्रू निसटला होता. मग दुसरा निसटला, आणि पुढे हाताला कायमचा कंप सुटला. त्या घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वडील जेवायला बसले की सगळे आपापल्या ताटात बघत. दुपारी त्यांचा डोळा लागला की आई निसटलेले स्क्रू जमिनीवरून वेचून डबीत ठेवून देई. याला ते घर माया म्हणत असे.

तेव्हा बत्तिशीनेही तोंडाला कुलूप लावलं होतं. मेणाचा दात कोरताना ती उजवं मनगट डाव्या हाताने धरून ठेवू लागली होती. तिचा एकही दात अजून कुठल्या दवाखान्यातून परत आला नव्हता, पण घाबरलेल्या माणसाला पुरावे पटत नाहीत. मेंदूच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ तिने घेऊन ठेवली होती, तीही नवऱ्याला न सांगता.

अशात धाकट्याने टुमणं लावलं की तुझा मॉनिटर जुना झालाय, जास्त हर्ट्झचा घे. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिच्या मनात आलंच. तरी ती तयार झाली, त्याला कारण वेगळं होतं. वेगवान पडद्यावरही नेम चुकला, तर दोष द्यायला हाताशिवाय दुसरं काही उरणार नव्हतं. एकदाचं काय ते कळून तरी जाईल, असं तिने ठरवलं.

दोघं गेले त्या दुकानात तीन मॉनिटर ओळीने मांडले होते. चष्मेवाल्या विक्रेतीने समजावून सांगितलं की मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो तितके त्याचे हर्ट्झ. पहिला साठ, मधला एकशे चव्वेचाळीस, शेवटचा दोनशे चाळीस. चित्रं जितकी जास्त, तितकी हालचाल सलग दिसते आणि समोरचा या क्षणी कुठे आहे ते लवकर कळतं. तिन्हींवर सरावाचा एकच खेळ लावला होता. पळत्या लाल चकत्या टिपायच्या, एकूण तीस. आधी साठवर बसा म्हणजे पुढचा फरक जाणवेल, असं विक्रेती म्हणाली.

घरचाही साठचाच, म्हणजे घरच्यासारखीच फजिती होणार. तू जरा कीबोर्ड बघून ये, असं बत्तिशीने धाकट्याला सांगितलं. तो दोन पावलं लांब जाऊन थांबला, कीबोर्ड मात्र त्याने बघितले नाहीत. तिने सुरुवात केली.

तीसपैकी सत्तावीस.

काहीतरी चुकलं असेल म्हणून ती पुन्हा खेळली. अठ्ठावीस आल्या. मधल्या पडद्यावर एकोणतीस, आणि शेवटच्यावरही तितक्याच. तिने माउस सोडला आणि हात डोळ्यांसमोर धरून पाहिला. तो ढिम्म हलत नव्हता.

विक्रेतीने घरचा मॉनिटर किती हर्ट्झवर चालतो ते विचारलं. साठचाच आहे, बत्तिशी म्हणाली. सेटिंगमध्ये एकदा बघा, असं विक्रेतीने सुचवलं, म्हणून तिने नवऱ्याला फोन लावला. नवरा फोटो सुधारण्याची कामं करायचा, त्याच पडद्यावर, रविवार सोडून रोज.

“तीस लिहिलंय इथे,” तो म्हणाला. “अगं, मी पडद्याची बारकाई वाढवली होती ना, चेहऱ्यावरचा केस न् केस दिसावा म्हणून. मला तर काही फरक जाणवला नाही. माझे फोटो कुठे पळतात?”

“कधी वाढवलीस?”

“झाले असतील पाच महिने.”

जुन्या केबलमधून इतकं बारीक चित्र सेकंदाला तीसदाच जातं, हे विक्रेतीने सांगितलं तेव्हा बत्तिशीचा जीव भांड्यात पडला. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते तिच्या सख्ख्या नवऱ्याने वाकडं करून ठेवलं होतं. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“मला वाटलं, बाबांचं माझ्यात आलं,” ती धाकट्याला म्हणाली.

“मलाही तेच वाटत होतं,” तो म्हणाला. “म्हणून तर तुझी माणसं मी मारत होतो.”

म्हणजे हाही पाच महिने तिचे स्क्रू वेचत होता. त्याला मिठी मारावी की एक धपाटा घालावा, हे तिला ठरवता येईना.

नुसती केबल बदललीत तरी काम भागेल, असं विक्रेतीने प्रामाणिकपणे सांगितलं. पण नवऱ्याला बारकाई हवी आणि हिला साठहूनही जास्त वेग, एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? बत्तिशीने मधला मॉनिटर घेतला. शेवटच्यातला आणि मधल्यातला फरक तिच्या डोळ्यांना दिसला नव्हता, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे मोजायला ती तयार नव्हती. खोकं धाकट्याने उचललं.

मंगळवारी ती डॉक्टरांकडे गेलीच, पण या वेळी नवरा आणि भाऊ दोघांना सांगून आणि सोबत घेऊन. डॉक्टरांनी हात उलटसुलट पाहिले, कागदावर गोल काढायला लावले आणि काही नाही म्हणून दहा मिनिटांत घरी पाठवलं. तिघंही जिना उतरताना उगाचच मोठ्याने बोलत होते.

रविवारी नवा पडदा लागला. भिंतीआडून एक माणूस निघाला आणि धाकट्याची बंदूक सवयीने तिकडे वळली.

“थांब,” ती म्हणाली. “माझा माणूस मला मारू दे.”

तो थांबला. तिने नेम धरला, बटण दाबलं, आणि गोळी भिंतीला लागली.

“चुकलीस, ताई,” हेडफोनमधून धाकट्याचा आवाज आला.

पाच महिन्यांत तो पहिल्यांदाच तसं म्हणाला होता. बत्तिशी इतकी हसली की नवरा काय झालं ते बघायला आतून आला.