ओठांनी ओवलेला धोटा

मित्रांनो, जरा मागाजवळ या. घाबरू नका, माग बंद आहे. फळीवर हा जो काळपट, गुळगुळीत लाकडाचा तुकडा पडलाय ना, तो मी. वडगावातल्या केदारीअण्णांच्या यंत्रमागाचा मी जुना धोटा. तुकडा म्हटलं म्हणून हसू नका. माझ्या पोटातल्या सुताने किती साड्या विणल्या, त्याचा हिशेब माझा मलाच लागत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. आठवते ती कानसेची खरखर आणि दोन्ही टोकांना पोलादी टोप्या ठोकल्या तेव्हाची कळ. पोट कोरून त्यात सुताची कांडी बसवायची सोय केली. मग कुशीला बारीक भोक असलेला चिनी मातीचा मणी बसवला. कांडीचं सूत त्या भोकातून बाहेर येतं आणि मी इकडून तिकडे पळत साडी विणतो. कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी घालायची आणि तिचं टोक भोकातून ओढून घ्यायचं. बोटाने ते जमत नाही. म्हणून विणकर मला तोंडाशी नेतो, भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. चुक् असा आवाज होतो, सूत ओठांवर येतं आणि माग पुन्हा धडधडू लागतो.

त्या श्वासाबरोबर सुताचे बारीक तंतूही छातीत जातात, आणि रंगही. दिवसातून शंभरदा तरी. अंबूबाई, म्हणजे केदारीची बायको, शेजारच्या मागावर उभी असायची. लाल साडी लागली की तिचे ओठ लाल व्हायचे. "आक्का, सकाळी सकाळी पान खाल्लंय व्हय?" असं गल्लीतल्या बायका तिला चिडवायच्या आणि तीही हसायची. केदारीच्या पुढच्या दाताला तर माझ्यामुळे खाच पडली होती. तो ती कौतुकाने दाखवायचा. मला हातात घेऊन म्हणायचा, "असला धोटा आता मिळत न्हाय. एकदा बी मागातनं उडाला न्हाय गड्या." खोटं कशाला बोलू, मी त्या कौतुकाने फुगून जायचो.

यातलं वाईट काय ते दोघांनाही पुरतं ठाऊक होतं. केदारीचे वडील छातीच्या दुखण्यानेच गेले होते. आरोही, त्यांची एकुलती एक मुलगी, कॅम्प भागातल्या औषधाच्या दुकानात कामाला होती. तिने सायकलच्या ब्रेकमधली एक बारीक तार घेतली, तिचं टोक वाकवून आकडा केला आणि मागाशेजारच्या खिळ्याला अडकवला. "आप्पा, ह्यानं सूत वडायचं. तोंड लावायचं न्हाय," असं तिने बजावलं. ती बघत असेपर्यंत दोघंही शहाण्यासारखी आकडा वापरायची. तिची पाठ फिरली की चुक्!

एकदा तिने पकडलंच. तेव्हा केदारी म्हणाला, "आगं, आकड्यानं वडंपर्यंत माग थांबतोय. जीव जायचा तवा जाईल. माग आत्ता थांबलाय की." मित्रांनो, माणसं जाणूनबुजून विषाची परीक्षा का घेतात, हे मला त्या दिवशी कळलं असं वाटलं होतं. पण मला फार थोडं कळलं होतं.

एका दिवाळीनंतर केदारीचा खोकला थांबेना. संध्याकाळी ताप यायचा. तो एकटाच सरकारी दवाखान्यात गेला आणि परत आल्यावर मागाजवळ गप्प बसून राहिला. घरात कुणी नसलं की तो मागाशी बोलायचा, म्हणून मला सगळं समजलं. त्याला क्षय झाला होता. डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. तोंडाला कापड बांधा, खिडक्या उघड्या ठेवा, घरच्यांची तपासणी करून घ्या, असं सांगितलं होतं. पत्ता विचारला तेव्हा या बहाद्दराने अनगोळातल्या जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता दिला, म्हणजे दवाखान्याचं माणूस चौकशीला घरी यायला नको.

का? तर आरोहीला निपाणीचं स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, नाव मंथन, माणसं चांगली. बोलणी चालू असताना बापाच्या क्षयाची बातमी गल्लीत फुटली तर? तोंडाला कापड बांधलं तर लोक विचारणार. खिडकी उघडली तर वाऱ्याने सूत सुकून तुटणार आणि बायको विचारणार. म्हणून त्याने गोळ्या कांड्यांच्या पेटीत तळाशी लपवल्या आणि आपल्याला दमा झालाय असं अंबूबाईला सांगितलं. माझ्या टोकाला मात्र एक लाल दोरा बांधला. "ह्यो माझा धोटा. तुझं दोन तुझ्याजवळ ठेव," असं तिला सांगितलं. एवढीच काळजी त्याला घेता आली, आणि तेवढ्यावर त्याने स्वतःची समजूत घातली.

पेटी उपसताना गोळ्या अंबूबाईच्या हाती लागल्या. तिच्या अनगोळच्या भावाने, भरमाने, क्षयासाठी तसल्याच गोळ्या घेतल्या होत्या. तिने त्या ओळखल्या. पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग तिने ते होतं तसं तळाशी ठेवलं, वर कांड्या रचल्या आणि स्वयंपाकाला लागली. त्याच सुमारास आरोहीने दोघांना तोंडाला बांधायच्या पट्ट्या आणून दिल्या. सुताचे तंतू छातीत जाऊ नयेत म्हणून, असं म्हणाली. त्याही ती घरात असेपर्यंतच तोंडावर राहिल्या.

एका दुपारी केदारी तापाने फणफणला आणि खाटेवर पडला. साड्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. अंबूबाई दोन्ही माग चालवू लागली. माझी कांडी संपली. तिने माग थांबवला, मला उचललं, नवी कांडी घातली. लाल दोरा तिच्या बोटाखाली होता. आकडा वीतभर अंतरावर होता.

"आगं, त्यो नगं! आकड्यानं वड!" केदारी खाटेवरून ओरडला.

ती त्याच्याकडे वळली. "आकडा कशाला? तुमास्नी दमाच हाय न्हवं? दमा काय धोट्यातनं येतोय व्हय?"

त्याने पांघरूण छातीवर ओढून घेतलं.

"सांगा की. दमाच हाय न्हवं?"

ती थांबली. मी तिच्या तळहातात होतो. एक शब्द, मित्रांनो! त्याने एक शब्द उच्चारला असता तर तिने मला चुलीत टाकलं असतं, आणि मी आनंदाने जळलो असतो. पण केदारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. "व्हय, दमाच," तो म्हणाला. अंबूबाईने मला ओठांना लावलं आणि श्वास ओढला.

त्या दिवसापासून ती रोज मला वापरू लागली. मला बोलता येत नाही याचं दुःख मी तेव्हा जितकं केलं तितकं कधी केलं नाही.

आरोहीचं लग्न थाटात झालं. पण गोळ्यांनी मळमळायचं, मागावर उभं राहवायचं नाही, आणि बरं वाटायला लागलं होतं, म्हणून केदारीने त्या तिसऱ्या महिन्यातच सोडून दिल्या. अर्ध्यात सोडल्या तर दुखणं दुपटीने उलटतं, हेही डॉक्टरांनी सांगितलेलं त्याला पाठ होतं. ते उलटलं. दसऱ्याच्या आधी तो गेला. शेवटपर्यंत दमाच म्हणत राहिला, आणि अंबूबाईही मान हलवत राहिली.

संक्रांतीला आरोही माहेरी आली, तेव्हा आई खोकत होती. अंगावरचं पातळ सैल झालं होतं. मुलीने तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं, तर तिलाही क्षयच निघाला. परत आल्यावर दोघी मागाजवळ बसल्या. दुखणं माझ्यामुळे आलं, बंद खिडक्यांमुळे आलं की रात्रंदिवस त्याच्या खोकल्याशेजारी राहिल्यामुळे, ते कोण सांगणार? डॉक्टर म्हणाले हा आजार श्वासातून, हवेतून पसरतो. पण मी काही स्वतःला निर्दोष समजत नाही.

"आई, आप्पांना काय झालंतं ते तुला म्हाईत हुतं?" आरोहीने विचारलं.

"व्हय."

"मग त्यांचा धोटा तोंडाला का लावलास गं?"

अंबूबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी आकडा घेतला असता तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं. तुझं लगीन मोडंल म्हणून ते जिवाच्या आकांतानं लपवत हुते. म्या त्यांना उघडं कसं पाडू? आणि त्या दिवशी लई राग बी आलता. वाटलं, माझ्या जिवासाठी तरी खरं बोलतील."

आरोही रडू लागली. मग म्हणाली, "मंथनच्या घरी मी साखरपुड्याआधीच सांगितलंतं. औषधाच्या दुकानात काम करती मी, मला पेटीतल्या गोळ्या कळायच्या न्हाईत व्हय? ती माणसं म्हणाली, बरा हुतोय की आजार, त्यात लपवायचं काय? मला वाटलं, आप्पा गोळ्या खात्यात, तुला कायबी ठाऊक न्हाय. म्हणून त्यांचा मान राखला."

अंबूबाईने हातातला पदर खाली सोडला.

"आदी बोलली असतीस तर?" एवढंच ती म्हणाली. आरोहीने उठून खिडकी उघडली.

आता अंबूबाईची औषधं चालू आहेत. नेमाने घेतली तर बरी होईल म्हणतात. केदारी परत यायचा नाही.

मित्रांनो, माझं ऐकाल? धोका कळत नाही म्हणून माणसं जीव धोक्यात घालतात, असं समजू नका. एका घरात तिघांना तो कळला होता, आणि तिघंही एकमेकांच्या मायेने गप्प बसले होते. तुमच्या घरात कुणी असं दुखणं लपवत असेल आणि तुम्ही ते ओळखलं असेल, तर त्याचा मान राखत बसू नका. "मला ठाऊक आहे," एवढं त्याच्याजवळ बसून आजच सांगा.