वरचे अकरा गुण

मार्लिसने बुद्धिबळाच्या घड्याळातला जुना सेल नखाने उचकटून काढला, तेवढ्यात ड्वेनने तिच्यासमोर कागदी पिशवी आणून ठेवली. पिशवीवर तेलाचे डाग होते आणि आत डोनट होते. म्हणजे काम मोठं असणार.

"आधी काम सांग, मग खाते," ती म्हणाली.

"असंच आणले गं."

"ड्वेन, इतक्या वर्षांत तू असंच काही आणलेलं मला आठवत नाही."

ड्वेनने खुर्ची उलटी फिरवली आणि पाठीवर कोपरं टेकवून बसला. युनियन हॉलच्या तळघरात त्या शनिवारी दुपारी दोघंच होती. वर रस्त्यावरून बर्फ उपसणारी गाडी गेली आणि छताखालच्या पाइपांमध्ये ती बराच वेळ घुमत राहिली. मार्च अर्धा संपला होता, पण डुलुथमध्ये त्याचं कुणी मनावर घेत नाही.

"अकरा गुण जास्त होतायत," ड्वेन म्हणाला.

मार्लिसला ते ठाऊक होतं. बुद्धिबळाच्या लीगमधल्या प्रत्येकाचं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, तीच ठेवायची. मंगळवारी सामने झाले की बुधवारी संध्याकाळी, दातांच्या दवाखान्यातली दिवसभराची उभी नोकरी आटोपून, ती सगळ्यांचे निकाल घालून नवे आकडे काढायची. कुणी जिंकलं तर त्याचे वाढवायचे, हरलेल्याचे तेवढेच कमी करायचे. पगार नाही, मान नाही. वर दोन गुण घसरलेला प्रत्येक जण फोन करून तिचं डोकं खायचा. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तिला हौस होती, असं तिची बहीण म्हणे. आता हौसही उरली नव्हती. हे काम कुणी घेतं का, म्हणून तिने दोनदा विचारून पाहिलं, तेव्हा सगळ्यांना एकदम बुटांच्या नाड्या बांधायच्या होत्या.

लीगचा एक नियम होता. संघात चार जण, आणि चौघांच्या रेटिंगची बेरीज सहा हजार आठशेच्या वर जाता कामा नये. नाहीतर सगळे तगडे खेळाडू एकाच संघात जाऊन बसले असते. हंगाम संपताना ज्या संघाची बेरीज वर जाईल, त्याने पुढच्या वर्षी कुणाला तरी सोडायचं. ड्वेन गोदीवाल्यांच्या संघाचा कप्तान होता. या वर्षी त्याच्या संघातली कॅरोल भलतीच सुधारली आणि बेरीज सहा हजार आठशे अकरावर गेली.

"मग सोडा कुणाला तरी," मार्लिस म्हणाली.

"कुणाला? सगळ्यात मोठा आकडा रेनोचा. दुसऱ्या कुणाला सोडलं तर त्याच्याहून कमी आकड्याचा नवा कुणी मिळत नाही, त्याला सोडलं तरच बसतं. आणि त्याला सोडलं की तो संपला."

हेही खरं होतं. रेनो लाहती शहात्तर वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तो उठला, चालू लागला, पण गाडी चालवणं सुटलं. मंगळवारी कॅरोल त्याला घरून आणायची आणि परत सोडायची. दुसऱ्या संघात जागा होती ती पूल ओलांडून पलीकडच्या सुपीरियर गावात, आणि तिथे त्याची ने-आण करणारं कुणी नव्हतं. बायको गेल्यापासून आठवड्यातला तेवढाच एक दिवस तो दाढी करून बाहेर पडायचा.

"आणि तो अठराशे शेहेचाळीसचा आता राहिलाय कुठे?" ड्वेन म्हणाला. "आकडा खोटा आहे, मार्लिस. इस्पितळातून आला तेव्हापासून सगळे त्याला बरोबरी देतायत. मीच सांगितलं होतं सगळ्यांना. म्हटलं, म्हातारा आहे, हात कापतो, हरवून काय मिळवायचंय? पंधरा-वीस चाली खेळायच्या आणि बरोबरी मागायची."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

तिने नवा सेल घड्याळात दाबून बसवला. समोर बहुतेक त्याच्याच तोडीचे खेळाडू यायचे, त्यामुळे बरोबऱ्या होऊन दोन वर्षं रेनोचा आकडा बंद पडलेल्या घड्याळासारखा एका जागी उभा होता, आणि दर बुधवारी तो लिहिताना तिला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. बरोबरीला बंदी नव्हती, म्हणून तिने काणाडोळा केला होता. आता त्याच दयेपायी म्हाताऱ्याच्या बाहेर जाण्याची वेळ आली होती. लोकांनी त्याला प्रामाणिकपणे हरवलं असतं तर आकडा कधीच खाली आला असता आणि तो निवांत आपल्या जागेवर राहिला असता.

"तू हिशोबात नुसते अकरा गुण इकडचे तिकडे कर," ड्वेन हळूच म्हणाला. "कोण बघतंय?"

"नाही."

"खोटं नाही सांगत मी. उलट आकडा खरा होईल."

"लेस्टरलाही असंच काहीतरी वाटलं होतं."

लेस्टर सहा वर्षांपूर्वी मुद्दाम चार डाव हरला होता, भावाच्या संघात मावावं म्हणून. मार्लिसने ते ओळखलं, सगळ्यांसमोर विचारलं, आणि त्याला लीगबाहेर काढलं. तेव्हापासून किराण्याच्या दुकानात ती दिसली की लेस्टर सामानाची ढकलगाडी वळवून दुसऱ्या रांगेत जायचा.

"आजचा डाव उरलाय," मार्लिस म्हणाली. वादळाने रखडलेला हंगामातला शेवटचा डाव तिचा आणि रेनोचाच होता. "बरोबरी झाली तर त्याचे सात जातील. पुरणार नाहीत. माझ्याकडून हरला तर तेवीस. माझं रेटिंग त्याच्याहून बरंच कमी आहे ना."

"म्हणजे तू त्याला हरवणार."

"मी खेळणार आहे. खरं खेळणार. तो हरला तर हरला."

"हरेलच," ड्वेन म्हणाला आणि पिशवीतला एक डोनट स्वतःच उचलला. "त्याला काही बोलू नकोस. यातलं काहीच माहीत नाही त्याला."

रेनो आला तो कॅरोलच्या दंडाला धरून, एकेक पायरी उतरत. कॅरोलने त्याची टोपी काढून घेतली, कोट काढायला हात लावला.

"राहू दे," तो म्हणाला. "अर्ध्या तासात निघू. हिशोबनीस बाईंना घरी कामं असतात."

मार्लिसला ते लागलं. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं की पंधरा-वीस चालींनंतर काय होतं.

कॅरोल भिंतीजवळच्या बाकावर त्याची टोपी मांडीवर घेऊन बसली. ड्वेन दाराशी उभा राहिला. मार्लिसकडे पांढरी मोहरी आली आणि डाव सुरू झाला. रेनो आपल्या जुन्या सवयीप्रमाणे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. चाल पक्की ठरल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही, हा त्याचा नेम होता. हात लावलेलं मोहरं चालवावंच लागतं. डोक्याच्या आधी हात निघाला की माणूस बुडाला, असं तो नव्या खेळाडूंना दटावून सांगे.

पहिल्या चाली दोघांनीही भराभर केल्या. मग रेनोने मान वर न करता विचारलं,

"बरोबरी?"

विचारलं काय, खिडकी लावून घ्यायची का म्हणावं तसं सहज म्हटलं. मार्लिसने हातातला पेला खाली ठेवला.

"नको," ती म्हणाली. "खेळू या."

रेनोने तिच्याकडे पाहिलं. मग मांडीखालचा उजवा हात काढून त्याने कोटाची बटणं सोडायला घेतली. कॅरोल मदतीला उठली, तर त्याने तिला हातानेच बसवलं. कोट खुर्चीच्या पाठीवर गेला, शर्टाच्या बाह्या वर गेल्या, आणि तो पटावर असा वाकला की मार्लिसला आपोआप मागे सरकावं लागलं.

पुढचा तास तिला जड गेला. दया करायला आलेल्या माणसाची जी गत होते ती तिची झाली. रेनोचा हात कापत होता, मोहरं घरात ठेवताना शेजारच्याला धक्का लागत होता आणि तो ते सरळ करून ठेवत होता, पण चालीत कुठेही कंप नव्हता. तिने राजावर चढाई केली, ती त्याने प्याद्यांनी अडवली. तिने वजीर आणला, त्याने तो शांतपणे हुसकला. मध्येच तिच्या लक्षात आलं की चढाई आता तो करतोय. तिच्या कानशिलांवर घाम आला. त्याच्या चेहऱ्यावर मात्र तिने दोन वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. गाल लाल झाले होते आणि तो ओठ न उघडता काहीतरी गुणगुणत होता. त्याच्याकडे बघून तिला आनंद झाला आणि लगेच बेरीज आठवली. आकडा खोटा नव्हता. लोकांनी दया केली काय, न केली काय, रेनो लाहती होता तिथेच होता.

मग त्याचा एक घोडा उघडा पडला.

तिने दोनदा तपासलं. फुकटात मिळत होता. तिच्या घड्याळात थोडीच मिनिटं उरली होती. तिने शेवटच्या ओळीवरचा हत्ती उचलला, घोडा मारला, घड्याळ दाबलं, आणि बोट बटणावर असतानाच तिला दिसलं. तिचा राजा कोपऱ्यात आपल्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला होता, आणि त्याला राखणारा हत्ती तिने आत्ताच उठवला होता. रेनोचा हत्ती सरळ खाली आला की मात. घोडा चुकून उघडा पडला नव्हता. तो तिच्यासाठीच ठेवलेला होता.

तिने श्वास सोडला. हरली तर हरली. पण मग रेनोचे गुण आणखी वाढणार आणि मंगळवार संपणार. तिने त्याच्याकडे पाहिलं.

रेनोचा उजवा हात मांडीखालून बाहेर आला. हत्तीच्या दिशेने गेला आणि त्याच्या डोक्यावर, बोटभर अंतरावर, थांबला.

बाकावर कॅरोल भिंतीला डोकं टेकून पेंगत होती. टोपी तिच्या मांडीवर, गाडीची किल्ली टोपीत. रेनोने तिकडे पाहिलं. दाराशी उभ्या ड्वेनकडे पाहिलं. हात तसाच हवेत होता, आणि गंमत म्हणजे कापत नव्हता.

मग तो हात परत मांडीखाली गेला.

घड्याळ चालत राहिलं. थोड्या वेळाने हात पुन्हा बाहेर आला आणि पटाच्या अगदी कडेचं एक प्यादं त्याने एक घर पुढे ढकललं.

पुढे खेळण्यासारखं फार नव्हतं. तिने राजाला वाट करून दिली, तिच्याकडे एक घोडा जास्त होता, आणि काही चालींनी रेनोने आपला राजा आडवा करून हात पुढे केला. त्याची पकड घट्ट होती.

"हत्ती होता," मार्लिस हळू आवाजात म्हणाली.

"कुठे?"

"शेवटच्या ओळीवर. तुला दिसला होता."

रेनो शर्टाच्या बाह्या खाली ओढत राहिला. "वय झालं, मार्लिस. सगळं नाही दिसत आता." मग थोडं थांबून म्हणाला, "पण मजा आली. दोन वर्षांत कुणी माझ्याशी खेळलंच नव्हतं." तो कोट घालायला उठला. एक बाही सापडेना, ती मार्लिसने धरली. "किती झाला माझा आकडा?"

"अठराशे तेवीस."

"मग बसतंय," तो म्हणाला आणि बाकाकडे वळला. "कॅरोल, ऊठ गं. निजायला इथे आणलं होतं का तुला?"

कॅरोलने दचकून टोपी सावरली. दोघं पायऱ्या चढायला लागली. बेरजेबद्दल मार्लिस एक अक्षर बोलली नव्हती.

ती पटासमोर बसून राहिली. आडवा पडलेला राजा तसाच होता. निकाल रद्द करायचा तिला अधिकार होता. मुद्दाम हरणाऱ्याला बाहेर काढायचा नियम तिनेच लिहिला होता, आणि त्या नियमाने तिने एका माणसाला घरी बसवलं होतं. आणि आकडे काढायला ती एकटीच होती. विचारायला कुणी नव्हतं, नाही म्हणायलाही कुणी नव्हतं. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं. तिने निकालाच्या कागदावर आपल्या नावापुढे एक लिहिला, रेनोच्या नावापुढे शून्य, आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्याचा जुना आकडा पुसून नवा घातला.

ड्वेन मागे येऊन उभा राहिला. फळा बघून तो मनापासून सुखावला होता.

"बघ," तो म्हणाला. "मी म्हणत नव्हतो? आता खरा आकडा आला."

मार्लिसने बोटांवरचा खडू झटकला. पिशवीतला उरलेला डोनट काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि परत ठेवला.

"ड्वेन, लेस्टरचा फोन नंबर आहे का तुझ्याकडे?"

"लेस्टरचा? कशाला?"

"पुढच्या हंगामात खेळतो का, विचारते," ती म्हणाली आणि घड्याळं खोक्यात भरायला लागली.