हाकेला ओ

“लिमिट वाढव ना, जागृती. लाल दिवा आपोआप जाईल,” सुधीर सर म्हणाले. “भोंगे ताब्यात घ्यायला बंदराचे साहेब आत्ता लाँचमधून उतरतील.”

मोरा जेट्टीवरच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर घुमत होता. वादळाचा इशारा देणारे सहा भोंगे त्याला जोडलेले. चालू होताना तो प्रत्येक भोंग्याकडे कानाला ऐकू न येणारा सूर पाठवून तारेतला रोध मोजायचा. रोध ठरल्या मर्यादेपलीकडे गेला, की तार तुटली असं धरून लाल दिवा लावायचा. अ‍ॅम्प्लिफायर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ड्रायव्हरमध्ये, ती मर्यादा जागृतीनेच घातली होती. आज समुद्राकडचे दोन भोंगे पलीकडे होते. खाऱ्या वाऱ्याने जोड खाल्ले असणार.

“वाढवली तर तुटलेली तारही धड दिसेल, सर.”

“बाकीचे चार भोंगे वाजतायत ना? जेट्टी दणाणते. कोणाला कळणारै?”

“जेट्टीवर कोणालाच नाही. पाण्यावरच्यांना कळेल.”

“शानपत्ती नको. पुढच्या आठवड्यात तुझं नोकरीचं कन्फर्मेशन आहे, आणि सही मी करतो.”

जागृतीची बोटं थांबली. इथे धुक्यात होडी दिसेनाशी झाली की धक्क्यावरच्या बाया नाव घेऊन हाक मारतात. ओ आली नाही तर ‘ऐकू गेलं नसेल’ असं कोणी म्हणत नाही. लगेच दुसरी होडी सुटते. बाबांनाही आईने तशीच हाक मारली होती. ओ आली नाही. होडी सुटली, म्हणून निदान त्यांना घरी आणता आलं.

तिने मर्यादा होती तशीच ठेवली. लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला आणि पिशवी खांद्याला लावली.

“अगं ए! काय करतेस?”

तेवढ्यात साहेब आत आले. “हा लाल का?”

“टेस्टिंगचा आहे, सर,” सुधीर सर हसले.

“नाही,” जागृती म्हणाली. “समुद्राकडचे दोन भोंगे मुके आहेत. तारा बदलल्याशिवाय ताब्यात घेऊ नका.”

साहेबांनी सहीसाठी काढलेलं पेन परत खिशाला लावलं आणि ते भोंगे बघायला बाहेर गेले.

सुधीर सरांनी तिच्याकडे न बघता हात पुढे केला. “आयकार्ड.”

तिने गळ्यातली पट्टी काढली. कार्ड त्यांच्या हातात न देता अ‍ॅम्प्लिफायरवर, लाल दिव्याशेजारी ठेवलं.

बाहेर मासळीच्या पाट्यांमधून आईची, शेवंताबाईची हाक आली, “जागे! हायस का गो आत?”

“ओ, आये!” जागृतीने सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी ओ दिली.